घर तयार आहे

सामान गेलं तेव्हा कळलं की आमच्या घराला स्वतःचा वास होता आणि तो सामानाचा नव्हता. कपाटं गेली, दिवाण गेला, अण्णांचं शिलाईचं मशीन गेलं, तरी समोरच्या खोलीत तो तसाच उभा. कोळशाच्या इस्त्रीखाली ओल्या गॅबर्डिनच्या कापडाची वाफ निघते ना, तिचा वास. अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन इतकी वर्षं झाली, इस्त्री तर त्याच्याही आधी विजेची झाली होती. आणि मी पुण्याहून आलेली, नाकात सर्दी घेऊन. तरी मला तो आला. माझी लेक म्हणते, आईला कुठल्याही जुन्या खोलीत नुसतं उभं करा, ती वासावर निबंध लिहील.

खोलीत उरलं होतं ते एवढंच. अण्णांचं कटिंगचं टेबल, कारण ते दारातून बाहेर निघेना. टेबलावर एक वीट, विटेवर पितळेचा विठोबा. आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत, प्रवासाचं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन बसलेली आई.

घर विकलं होतं, संध्याकाळी किल्ल्या द्यायच्या होत्या. पुण्याला नेणारी गाडी दारात उभी होती आणि ड्रायव्हर टायरला लाथा मारून वेळ घालवत होता. आई उठत नव्हती. देव न्यायला अजून कुणी आलं नाही, म्हणाली, आणि देव घरात असताना घरच्या माणसाने आधी बाहेर पडायचं नसतं. मी म्हटलं, मग त्याला आपणच नेऊ या, माझ्या मांडीवर बसवते. त्यावर लांब दिलेल्या मुलीकडे बघतात तसं तिने माझ्याकडे बघितलं.

"देव पोचवायचा नसतो गे. न्यायला यावं लागतं. विसरलीस?"

विसरेन कशी. माझ्या लहानपणाचं कॅलेंडर एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंतच लांब होतं.

तेव्हा म्हैसूरच्या बाहेरचा, नंजनगूडच्या रस्त्याकडचा हा भाग नुसतं लेआउट होता. चुना फासलेले हद्दीचे दगड, मध्ये लाल माती, मातीवर घाणेरीची झुडपं, आणि पलीकडे कापणी झालेल्या नाचणीच्या शेतात बगळे. गावातल्या गल्लीत एका भिंतीला दोन चुली अशा दाटीत राहणाऱ्या आम्हा मराठी शिंप्यांना इथे सैट मिळाले. प्लॉटला इथे सैट म्हणतात आणि नळाला नल्ली. लग्न होऊन पुण्याला गेले तेव्हा पहिल्याच सकाळी मी सासूबाईंना नल्ली कुठे आहे म्हणून विचारलं. त्यांना वाटलं, सुनेला मटण हवंय. आणि ती एकादशी होती.

घरं एकदम उभी राहत नव्हती. आधी जोतं, मग पुष्कळ दिवस काहीच नाही, मग एक खोली, तिच्यावर पत्रा, मग पुन्हा काही नाही. आम्ही घरांत कमी आणि घरांच्या बेतांत जास्त राहत होतो. उघड्या जोत्यावर उन्हात पापड घालताना आई म्हणायची, आज हॉलमध्ये घातलेत, उद्या बेडरूममध्ये घालीन. ज्याचा स्लॅब पडेल त्याच्याकडे ओली गोणपाटं पसरायला सगळ्या क्रॉसवरच्या, म्हणजे आडव्या गल्ल्यांमधल्या, मुली जायच्या. तापलेल्या स्लॅबवर संध्याकाळचं पाणी पडलं की जो श्वास बाहेर यायचा, तो अजून कधी कधी बांधकामाशेजारून जाताना येतो आणि मी पुण्याच्या भर रस्त्यात उभी राहते. मागचा स्कूटरवाला मग आमच्या सात पिढ्या काढतो.

अंधारायला लागलं की बेट्टावर, म्हणजे चामुंडीच्या डोंगरावर, दिव्यांची माळ उमटायची. नंजनगूडची गाडी शिट्टी देऊन जायची, मशीनांची घरघर एकेका घरातून थांबत यायची, आणि कुणीतरी अंगणातूनच ओरडून विचारायचं, आज देव कुणाकडे?

कारण गल्लीतून आमच्याबरोबर एक देव आला होता. हाच. वीतभरापेक्षा थोडा उंच, हात लागून लागून नाक पुसट झालेला. गल्लीत त्याला भिंतीत कोनाडा होता. इथे भिंतीच नव्हत्या. तेव्हा मोठ्या माणसांनी असं ठरवलं की कोपऱ्यावरचा सैट देवळासाठी राखायचा, पण सगळ्यांच्या डोक्यावर छप्पर आल्याशिवाय देवाच्या डोक्यावर घालायचं नाही. तोवर देव घरोघर राहील, एका एकादशीपासून दुसरीपर्यंत एका घरी. पाहुणा येणार म्हटल्यावर लाजेने तरी माणसं घरं पुरी करतील, अशी त्यामागे अक्कल होती.

न्यायला येणाऱ्याने फाटकाबाहेर उभं राहून म्हणायचं, "घर तयार आहे." आतून घरच्या बाईने विचारायचं, "दिवा?" त्याने म्हणायचं, "लावलाय." मग देव त्याच्या कडेवर, वीट कुठल्यातरी मुलीच्या हातात, आणि मागून टाळ वाजवत सगळे. दोन घरांच्या मध्ये देव खाली टेकवायचा नाही. रस्ता कितीही लांब असो, हात कितीही भरून येवोत.

यातलं "घर तयार आहे" हे दर वेळी खोटं असायचं आणि ते सगळ्यांना माहीत असायचं. कुणाकडे दार बसलेलं नसायचं. कुणाकडे जिना असायचा, पण तो जिथे जायचा तिथे आकाश असायचं. त्या खोट्याला कुणी हरकत घेत नसे. दिव्याबद्दल मात्र कुणी खोटं बोलत नसे. दिवा खरोखर लावलेला असायचा, आणि देव पोचेपर्यंत तो वाऱ्याने जाऊ नये म्हणून घरातलं एक माणूस त्याच्यापाशी बसून राहायचं.

घराबद्दलचं सगळ्यांत मोठं खोटं गुंडूमामांच्या नावावर आहे. ते काही माझे सख्खे मामा नव्हेत. तिसऱ्या क्रॉसवर त्यांचा सैट, अण्णांच्या दुकानात ते कोट कापायचे आणि आईला अक्का म्हणायचे. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांच्या सैटवर पायाचे चर खणलेले होते, बाकी काही नाही. तरी गुंडूमामा कडक इस्त्रीचा कोट घालून फाटकाशी आले आणि घसा साफ करून म्हणाले, घर तयार आहे. आत अण्णांनी तोंडात उपरणं कोंबलं. आईने सरळ चेहऱ्याने विचारलं, दिवा? मामा म्हणाले, लावलाय अक्का, सुशी बसलीय. आणि आम्ही वाजतगाजत पोचलो तर खरंच सुशीलामामी कमरेइतक्या चरात उतरून, पदराचा आडोसा धरून, दिव्यापाशी बसलेल्या. देवाने तो पंधरवडा त्या खड्ड्यात काढला. वर ताडपत्री, खाली भजन. आवाज असा घुमायचा की क्रॉसवरची कुत्री जमिनीला कान लावून बसायची. रोज सकाळी मामा केळ्याचा नैवेद्य दाखवायचे आणि मग देवाला घर दाखवायचे. हे स्वयंपाकघर. हा हॉल. पाणी आलं तर इथे नल्ली. आणि इथे कोपऱ्यात तू, पुढच्या खेपेला.

वीट बहुतेक माझ्याकडे असायची. मला गाता येत नव्हतं, टाळ हाती दिले की भजन भरकटायचं, म्हणून मला वीट द्यायचे. उन्हात राहिलेली वीट पोटाशी धरली की एखादं मांजर धरल्यासारखी ऊब लागायची.

ज्या घरी देव जायचा त्या घराने त्याला नवा अंगरखा शिवायचा, दुकानात उरलेल्या कापडाचा. पण देवाला टेप लावायचा नाही. गावातल्या निम्म्या खांद्यांची मापं ज्यांच्या बोटांवर, ती माणसं देवाच्या छातीला टेप लावायचा म्हटलं की कान पकडायची. मग अंदाजाने कापायचं. त्यामुळे विठोबाचा एकही अंगरखा कधी बेताचा बसला नाही. बस कंडक्टरांच्या खाकीत तो बुडायचा. शाळेच्या गणवेशाच्या निळ्या चौकड्यांच्या कापडात त्याचे कमरेवरचे हात अडकून पडायचे. एका दसऱ्याला अण्णांनी बँडवाल्यांची उरलेली लाल, जाड लोकरी बनात वापरली, तेव्हा आम्ही पंधरवडाभर नुसत्या बनातीलाच नमस्कार केले. चूक कुणी कबूल करत नसे. वाढत्या अंगाचा ठेवलाय, असं म्हणायचे. गिऱ्हाइकाच्या मुलांना म्हणायचे तेच, तितक्याच गंभीरपणे.

मग काय झालं ते मला विचारू नका. पत्र्याचे स्लॅब झाले, स्लॅबवर मजले चढले, आणि मजला चढला की घर पुन्हा अपुरं. सगळी घरं पुरी झाली असा दिवस उजाडलाच नाही. कोपऱ्यावरच्या सैटवर लग्नांचे मांडव पडले, गाद्या पिंजल्या गेल्या, पतंग काटले गेले. आज तिथे गाड्या धुतात. साबणाचं पाणी उतारावरून आमच्या फाटकापर्यंत येतं आणि त्यात बेट्ट दिसतो, उलटा.

पोरं बेंगळूरला गेली आणि मग आणखी लांब. मीही गेलेच, माझी दिशा तेवढी उलटी. घरांच्या जागी वसतिगृहं झाली. गच्च्यांवर जीन्सच्या ओळी वाळतात, आणि बटण लावून देणारं माणूस अख्ख्या लेआउटमध्ये मिळत नाही. पाळीतली घरं गळत गेली आणि एका एकादशीला देव आमच्याकडे आला तो राहिलाच. आई फोन करायची. कुणी म्हणे, फ्लॅटमध्ये जागा होत नाही अक्का. कुणी म्हणे, मुलांच्या परीक्षा आहेत, टाळ नको. कुणी म्हणे, पुढच्या महिन्यात बघू या. फोन ठेवून ती देवाला सांगायची, पुढच्या महिन्यात म्हणतायत. फलाटावरच्या पाहुण्याला गाडी उशिरा आहे म्हणून सांगावं तसं. पाहुणा मुकाट उभा, हात कमरेवर.

आता पाळीत एकच नाव उरलं होतं, गुंडूमामांचं. सुशीलामामी गेल्या. तिसऱ्या क्रॉसवरचं त्यांचं घर पाडून तिथे इमारतीसाठी खणायला घेतलं आणि मामा रिंग रोडपलीकडे मुलाच्या फ्लॅटमध्ये, पुष्कळ वर, राहायला गेले. निघायचा दिवस एकादशीचा होता, म्हणून मी आदल्या दिवशी त्या मुलाला फोन केला होता. चांगला मुलगा आहे. म्हणाला, ताई, बाबांना विसर पडतो. कधी सकाळी उठून दुकानाला निघतात, कधी आईला हाका मारतात. एकादशीची आठवण करून देऊ नका, त्रास होतो त्यांना. मी बरं म्हटलं. आईला यातलं काही सांगितलं नाही, आणि आई आपली खुर्चीतून सांगत होती की गुंडू येईल.

चार वाजले. किल्ल्या घ्यायला आलेला पोरगा फाटकाबाहेर मोटरसायकलवर बसून मोबाईल बघू लागला. मी आईला जवळच्या एका देवळाचं नाव सुचवलं. ती म्हणाली, आपल्याकडे राहिलेल्याला परक्याच्या ओट्यावर ठेवायचं? मी पुण्यातला देव्हारा सुचवला. तिने मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट केले. मी चिडले, मग रडकुंडीला आले, मग दोन्ही एकदम केलं. रिकाम्या खोलीत माझाच आवाज माझ्यावर परत येत होता. पन्नाशी उलटलेली बाई भोकाड पसरते तेव्हा ते फार देखणं नसतं.

"सुम्मने बस गे," आई म्हणाली. उगी राहा, असं लहानपणी म्हणायची तसंच.

आणि ऊन उतरता उतरता फाटकाशी रिक्षा थांबली.

गुंडूमामा उतरले. कडक इस्त्रीचा कोट. ज्यांनी जन्मभर लोकांच्या कोटांना काज केले, त्यांच्या कोटाची बटणं एक घर चुकून लागलेली. फाटकाबाहेर ते सरळ उभे राहिले.

"घर तयार आहे," ते म्हणाले.

आईने पिशवी खाली ठेवली, उठली. "दिवा?"

"लावलाय अक्का. सुशी बसलीय."

आईचा हात देवावर होता, तो तिथेच थांबला. मला वाटलं, आता ही बोलेल. तिने विठोबाला उचललं, दारापर्यंत नेलं आणि मामांच्या कडेवर दिलं. अंगरखा तिनेच शिवला होता, उतरवलेल्या पडद्यांच्या कापडाचा. देवाच्या पायांखाली तो टीचभर लोंबत होता.

"ढगळ झालाय अक्का," मामा म्हणाले.

"वाढतं अंग आहे," आई म्हणाली.

मी तिला बाजूला ओढून कुजबुजले, "अगं, तिथे खड्डा आहे. नुसता खड्डा."

"पहिल्यांदा दिला तेव्हा काय बंगला होता?" ती म्हणाली. मग मागे न बघता गाडीत जाऊन बसली आणि काच वर केली. किल्ल्या घ्यायला आलेल्या पोराने टेबलासकट घराला कुलूप लावलं. मी वीट उचलली होती. ती थंड होती.

टाळ नव्हते. पुढे मामा, बाजूला मी, मागून पावलाच्या गतीने गाडी. वसतिगृहाच्या गच्चीवरून दोन पोरी फोन रोखून आमच्याकडे बघत होत्या. मामा चालता चालता देवाशी बोलत होते, तिसरा क्रॉस आला की लगेच आपलं, दमलास का. त्यांचा श्वास लागत होता आणि अंगरखा वाऱ्याने फडफडत होता.

तिसऱ्या क्रॉसवर निळे पत्रे लावलेले. दोन पत्र्यांच्या फटीतून मामांनी आत बघितलं. खोल, फार खोल. आमच्या वेळच्या खड्ड्यात माणूस कमरेइतका मावायचा, यात आमचं अख्खं घर उभं राहून वर पत्रा घालता आला असता. तळाशी हिरवं पाणी आणि त्यात एक पिवळं मशीन.

"सुशी," मामांनी हाक मारली. आवाज घुमला.

वॉचमन आला. यारु बेकु, म्हणाला, कोण हवंय. मामांनी त्याच्याकडे बघितलं, मग पत्र्यांकडे, मग कडेवरच्या देवाकडे. आणि त्यांना आठवलं. एखाद्या चेहऱ्यावर आठवण परत येताना मी कधी इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मला ती थांबवता आली असती तर मी थांबवली असती.

"इथे दिवा नाही गे," ते म्हणाले.

"नाही मामा."

"घराचं चालतं. घराचं सगळेच बोलायचे." त्यांनी देवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी अक्काशी दिव्याचं खोटं बोललो."

मी म्हटलं, मामा, द्या माझ्याकडे. त्यांनी मान हलवली. पोचवायचा नसतो. मागच्या घराला कुलूप, पुढचं घर खड्डा, आणि देव मध्ये, खाली न टेकवण्याच्या जागी. गाडीच्या काचेमागे आईचा चेहरा दिसत होता. ती आमच्याकडे बघत नव्हती. समोर बघत होती, देवाची पाळी संपवून हात धुतलेल्या बाईसारखी. 

आयुष्यात कधी मला हे म्हणायची वेळ आली नव्हती. मुली वीट धरतात. पण मी मामांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मामा, घर तयार आहे."

माझं घर म्हणजे पुण्यातला एक फ्लॅट, ज्याच्या बाल्कनीत सायकल आणि वॉशिंग मशीन राहतात. लेक परदेशात. आमचे हे गुडघ्यांमुळे मागे राहिलेले. मामांनी माझ्याकडे नीट बघितलं. अण्णांच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या खांद्यांकडे बघायचे, तसं.

"दिवा?"

मी वीट काखेत दाबली आणि फोन लावला. ह्यांनी उचलला, बातम्यांचा आवाज मागे. मी म्हटलं, अहो, देवापुढे दिवा लावा. का, म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, लावा आणि त्याच्यापाशी बसा, आम्ही येईपर्यंत उठू नका. कधी येणार? म्हटलं, उद्या संध्याकाळी.  मग म्हणाले, देव्हाऱ्यातला लाल बल्ब चालूच आहे, चालेल का?

"नाही," मी म्हटलं. "वातीचा. खराखुरा."

त्यांनी टीव्ही बंद केला. माझा आवाज ऐकूनच केला असावा. एवढंच म्हणाले, "काडेपेटी कुठे असते आपल्याकडे?"

 गॅस लायटरने पेटतो. उदबत्ती कधीपासून लायटरनेच, तीही सणासुदीला. वाती मी शेवटच्या कधी आणल्या?

"बघतो," ते म्हणाले आणि फोन तसाच चालू ठेवून उठले. खुर्ची करकरली. एक ड्रॉवर उघडला, चमच्यांचा आवाज झाला. मग दुसरा.

बेट्टावर दिव्यांची माळ उमटली. वॉचमनने आपली खुर्ची मामांच्या मागे आणून ठेवली. मामा बसले नाहीत. देव हळूहळू त्यांच्या कडेवरून घसरत होता आणि ते त्याला पुन्हा पुन्हा वर घेत होते, झोपलेल्या पोराला घेतात तसे.

"दिवा?" त्यांनी पुन्हा विचारलं.

मी बोट वर केलं, थांबा म्हणून. कानाशी तिसरा ड्रॉवर उघडला.